इंजिनाची हळद

“जावई म्हणून चाललायस की मिस्त्री म्हणून? ती गुंडाळी ठेव खाली.”

हणमंत ऐकायला तयार नव्हता. पान्यांची खाकी गुंडाळी त्यानं मोटारसायकलच्या डबड्यात कोंबली, वर माझी साडीची पिशवी ठेवली आणि झाकण गुडघ्यानं दाबून बसवलं.

“वाटेत बंद पडली तर काय करू?” तो म्हणाला. “तुझ्या नव्या साडीनं ओढत न्यायची का?”

सकाळपासून तो हात घासत होता. आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण, शेवटी लिंबाची फोड. तरी नखांच्या कडेला काळं राहिलंच होतं. गॅरेजवाल्याच्या नखातलं काळं सरणावरच जातं, असं त्याची आई म्हणायची. अंगात मी घेतलेला पांढरा शर्ट होता, कडक इस्त्रीचा. पांढरा नको म्हणाला होता तो. मी हट्टानं घेतला. माझा नवरा माझ्या बापाच्या घरी पहिल्यांदा धोंड्याच्या जेवणाला चालला होता आणि तो पाटावर पांढऱ्या शर्टात बसलेला मला बघायचा होता.

फोन आबांचा आला होता, गॅरेजवर. हणमंतनंच घेतला. रात्री जेवताना मला म्हणाला, “अधिकाचं वाण द्यायचंय म्हणाले. दोघांनी या म्हणाले.”

“आबा म्हणाले? स्वतः?”

“स्वतः.”

मी ताटावरून उठले आणि शेजारच्या काकूंना सांगून आले. मग समोरच्या घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. दुकान मी बघायचे, गॅरेज तो. त्याच दिवशी त्यानं माझ्याकडं एक जाळीची रिंग मागितली, तर ती कुठल्या गाडीसाठी हेही मी नीट विचारलं नाही. “येणार आहे एक,” म्हणाला, आणि मी काढून दिली. माझं डोकं सांगलीत होतं.

सांगलीत वखारभागात माझं माहेर. खाली हळदीची अडत, वर आम्ही. आबा, म्हणजे बाबासाहेब निकम, हळदीचं पोतं नुसतं हुंगून भाव सांगायचे आणि माणसंही तशीच हुंगायचे. हणमंत लोहार पहिल्यांदा आमच्या पोर्चमध्ये आला तो आबांची गाडी दुरुस्त करायला. सायीच्या रंगाची जपानी गाडी, आबांचा जीव की प्राण. मी तिच्यावरच चालवायला शिकले होते. गाडी दुरुस्त झाली आणि मी बिघडले, असं ताई म्हणायची. आम्ही विट्याला रजिस्टर लग्न केलं, हळद नाही, अक्षता नाहीत. त्या दिवशी आबांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मेलेल्या माणसाच्या नावानं घेतात तसं. आणि आईलाही घ्यायला लावलं.

त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत आईचा आवाजसुद्धा कानावर पडला नव्हता. वाणाचं मला कौतुक नव्हतं. मला आईच्या चुलीशी बसायचं होतं, पुरण वाटताना तिचं रटाळ बोलणं ऐकायचं होतं. त्यासाठी आबांच्या पाया पडावं लागलं असतं तरी मी पडले असते.

पोहोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. पोर्चमध्ये गाडी उभी होती आणि तिच्या पोटाखाली एक फाडलेला खोका पसरून ठेवला होता. खोका तेलानं काळा झाला होता. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी दाजी, ताईचे मिस्टर प्रतापराव, पेपर वाचत होते. पुण्याला मोठ्या कंपनीत मोठ्या पगारावर असलेला हा जावई आमच्या घरात देवासारखा. तोही वाईट माणूस नव्हता म्हणा. त्याला समोरचं काही दिसायचं नाही, एवढंच.

दार उघडून आई बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. दारात आलेल्या लेकीजावयावरून ओवाळून टाकायची पद्धत. तिचे केस पांढरे झाले होते. माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, “वाळलीस गं.”

“ठेव ते,” आबा म्हणाले. “त्याचं हात अजून खराब व्हायचंत. मिस्त्री, जेवायच्या आधी जरा बघ ही. तेल गळतंय.”

“आबा, आत तरी येऊ द्या त्यांना,” मी म्हणाले. “पाणी तरी घेऊ द्या.”

“पाणी हितं बी मिळतंय.”

आईनं तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला. भाकरीचा तुकडा तिच्या मुठीतच राहिला. माझा पारा चढला होता, पण हणमंत हसत होता. त्यानं डबडं उघडून गुंडाळी काढलीसुद्धा.

“बघतो की, आबा. तू आत जा, वैजू. आईंजवळ बस.”

“जाते. तुमचं काय ते होऊ दे आधी.” घरी आमचं अरेतुरे होतं. आबांसमोर मी मुद्दाम अहो-जाहो करत होते.

दारातून मी एकदाच आत डोकावले. माजघरात एक पाट मांडला होता, भोवती रांगोळी, समोर समई. पाटाच्या शेजारी फरशीवर एक चौकोन ओला होता, नुकतं कुणी फडकं फिरवल्यासारखा. आईचं काहीतरी सांडलं असेल, असं वाटून मी परत वळले. हणमंतला एकट्याला आबांच्या तोंडी द्यायचं नाही, हे मी ठरवलं होतं. तो कुणाला उलट बोलत नाही. त्याच्या वाटचं मला बोलावं लागतं.

त्यानं शर्टच्या बाह्या दुमडल्या आणि गाडीखाली वाकला. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथं जुळतं, त्या सांध्यातून थेंब पडत होते.

“मागचं सील गेलंय,” आबा वरून म्हणाले. “शंभरदा बघितलंय सगळ्यांनी. बदललं बी. गिअरबॉक्स उतरवून सील बदललं, तरी गळतंय. कुणाला काय येत न्हाई.”

“सील नसंल ते.”

“मग काय हाय?”

“तेल पडतंय तिथनं गळत नसतंय, आबा. वरनं कुठनं तरी वाहत येतंय. बघाय पाहिजे.” तो माझ्याकडं वळला. “तू जा की आत. इथं काय बघतेस?”

“टॉर्च कोण धरणार?”

“धरतील दाजी.”

दाजींनी पेपरचं पान उलटलं. मी टॉर्च धरला.

त्यानं डिझेलचा बोळा घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. काठीला चिंधी बांधून मागची, हात न पोहोचणारी बाजूही पुसली. पहिला डाग शर्टच्या खिशाखाली पडला. त्याचं लक्षही नव्हतं. इंजिन कोरडं ठाक झाल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“पावडर पाहिजे होती. अंगाला लावायची असली तरी चालंल. सगळीकडं भुरभुरून इंजिन चालू करायचं. जिथनं तेल निघतंय तिथं पहिल्यांदा ओली होती.”

आई दारातच उभी होती. म्हणाली, “पावडर न्हाई बाई घरात. हळद चालंल का?”

“हळद तर लई चांगली,” हणमंत म्हणाला. “तेल लागलं की लगेच लाल दिसती.”

आई आत गेली आणि वाटी भरून हळद घेऊन आली. खालच्या पोत्यातली नाही. देवघरातली, आमच्या घरच्या लग्नांसाठी जात्यावर दळून ठेवतात ती. मला वासावरून कळलं. ताईच्या लग्नात हीच होती. आईनं वाटी हणमंतच्या हातात दिली, तेव्हा तिची बोटं हळदीनं पिवळी झालेली होती आणि ती वाटी पटकन सोडत नव्हती.

आबा खुर्चीत मागं रेलले. “बघा, प्रतापराव. मिस्त्रीला या घरची हळद लागली शेवटी. लग्नात न्हाई लागली, ती आता इंजनाला लागली.”

दाजी हसले. त्यांना खरंच विनोद वाटला असावा. हणमंतही कसंनुसं हसला. आई आत निघून गेली. मी म्हणाले, “आबा, तुमच्या जिभेला काही हाड?”

“कशाला पाहिजे? हाडं माणसाच्या अंगात असत्यात. तुझ्या नवऱ्याच्या असतील तर त्याला बोलू दे की.”

“वैजू,” हणमंत हळूच म्हणाला, “आत जा. मी तुला सांगतोय ना, आत जा.”

“मी जाणार नाही.”

“किल्ली फिरव मग.”

मी स्टिअरिंगवर बसले. चार वर्षांनी. सीट आबांच्या मापाची मागं सरकलेली होती, पण क्लच तोच, माझ्या पायाला ओळखीचा. मी किल्ली फिरवली. हणमंतनं बोटांच्या चिमटीनं सगळ्या इंजिनावर हळद भुरभुरली. इंजिन तापलं तसा पोर्चभर फोडणीसारखा वास सुटला.

आतून आईची हाक आली. “वैजू, ये गं जरा. पुरण बघ, चव बघ.”

“आले,” मी ओरडले आणि उतरले नाही. जेवणं व्हायची होती, अख्खी दुपार पडली होती. चूल कुठं पळून जात नव्हती.

“हितं बघ,” हणमंत म्हणाला.

मी उतरून वाकून पाहिलं. इंजिनाच्या अगदी वर, मागच्या अंगाला, सुपारीच्या अडकित्त्याएवढा एक भाग इंजिनाच्या हेडला दोन बोल्टनी बसवलेला होता. वायरीचा कपलर त्याच्यात खोचलेला. दुकानात बसून एवढं मला कळत होतं की तो सोलेनॉइड आहे. करंट आला की उघडतो आणि वरच्या व्हॉल्व्हना तेल सोडतो. त्याच्या बुडाशी पिवळ्या हळदीत एक लाल रेघ उमटली होती. ती रेघ बघता बघता खाली उतरली, इंजिनाच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत आली आणि तिथं थेंब होऊन लोंबायला लागली.

“झालं,” हणमंत म्हणाला. “सील बिचारं उगीच बदनाम.”

आबा उठून आले. वाकून त्यांनीही ती रेघ पाहिली. मग म्हणाले, “आज हुईल का?”

“इंजिन जरा गार होऊ दे. होतंय.”

“जेवायच्या आत पाहिजे.”

“मग जेवून घ्या सगळे,” मी म्हणाले. “गार व्हायला वेळ लागतोय, तोवर—”

“जेवायच्या आत पाहिजे,” आबा पुन्हा म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

हणमंतनं इंजिन गार व्हायची वाट नीट पाहिलीच नाही. कपलर काढला, दहाच्या पान्यानं बोल्ट सोडले. मनगटाला मागची गरम नळी लागली, चर्रकन. त्यानं नुसता हात झटकला. सोलेनॉइड बाहेर आला. त्याच्या बुडाची रबराची रिंग बटणासारखी कडक झाली होती, आणि तिच्या भोवती कुणीतरी पूर्वी लावलेल्या सिलिकॉनचं ओंगळ लिंपण होतं. रिंगच्या मधल्या बारीक जाळीत त्याचेच तुकडे अडकले होते.

“नवी रिंग आणायला पाहिजे,” मी म्हणाले. “आज रविवार. इथली दुकानं बंद. ही तर या एकाच गाडीला—”

हणमंतनं खिशात हात घातला. पांढऱ्या शर्टच्या खिशात. कागदाची एक पुडी निघाली. आमच्या दुकानाचा कागद, माझ्या हातची घडी. आत मी आदल्या दिवशी दिलेली जाळीची रिंग होती.

मी त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खाचेत पेट्रोलचा बोळा फिरवून जुनं सिलिकॉन नखानं खरवडून काढलं, नव्या रिंगला बोटानं तेलाचा हात लावला, ती बसवली.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणाले. आवाज कसाबसा दाबला.

“ही गाडी इथंच गळती. सगळ्याच गळत्यात.”

“ते नाही विचारत मी. आपल्याला गाडीसाठी बोलवलंय हे तुला ठाऊक होतं.”

“बोल्ट धर,” तो म्हणाला. “अॅल्युमिनियम हाय, जास्त आवळला तर आटा जातोय.”

आबा कान देऊन होते. मी बोल्ट धरला.

गाडी चालू केली, पुन्हा हळद भुरभुरली. हळद पिवळीच्या पिवळी राहिली. आबांनी किल्ली घेतली आणि मागचं दार हणमंतला दाखवलं. स्वतःच्या शेजारच्या सीटवर दाजींना बसवलं. “मिरजेपर्यंत जाऊन येऊ. मिस्त्री, तू मागं बसून आवाज ऐक.” हणमंतनं बसायच्या आधी सीटवर पेपर पसरला. दाजींचाच. बसता बसता मला म्हणाला, “आता तरी जा आत.”

गाडी गेली. पोर्च मोकळा झाला आणि फरशीवर पडलेलं तेल, डिझेल, हळदीचे डाग उघडे पडले. आबा परत आले की पहिलं तेच बघणार. मिस्त्रीनं घाण करून ठेवली म्हणणार. ते मला ऐकायचं नव्हतं. मी मागच्या अंगणातून भुसा आणला, पदर खोचला आणि घासायला बसले. ताई दारात येऊन म्हणाली, “अगं, तू कशाला? सोड ते. आई वाट बघतीय.” मी म्हणाले, “एवढं करते आणि येते.” शहाबादी फरशी, तेल मुरलेलं. घासून घासून माझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या. नवी साडी घोट्यापाशी काळी झाली. पण फरशी अशी स्वच्छ केली, की आबांना नाव ठेवायला जागा राहू नये.

शेवटची बादली ओतली आणि गाडी आत आली.

आबा खूश होते. दाजींना म्हणत होते, “आता पुण्यापर्यंत काय, काशीपर्यंत न्या.” हणमंतला म्हणाले, “इंजनावरची हळद पूस सगळी. दिसता कामा नये. मग मागच्या नळावर हात धू.” तो बोळा घेऊन कामाला लागला. काम झाल्यावर मागच्या अंगणात गेला. दाजी आत गेले. मी साडीचा घोळ पिळत होते, पायऱ्या चढून आत जायला निघाले.

आबा दारात उभे होते. हातात त्यांचा स्वतःचा एक जुना शर्ट, कॉलर उसवलेली, घडी घातलेला.

“हे दे त्याला. पांढरा खराब झाला त्याचा.”

धोंड्याला जावयाला नवे कपडे करतात. जुना शर्ट पोती उचलणाऱ्या हमालाला देतात, दिवाळीत. आमच्या घरात असे शर्ट मी स्वतः खाली नेऊन दिलेले आहेत.

“वाण आहे हे?” मी विचारलं.

“वाण कसलं? वाण जावयाला असतंय. तुझ्या नवऱ्याशी फोनवर ठरलं हुतं. मी म्हटलं गाडी बघ. त्यो म्हणाला, बघतो, पैसा नको, पण वैजूला आईजवळ बसू द्या. म्हटलं आण. तिला काय सांगायचं ते तू सांग. पाटाचं तेवढं मनात आणू नको म्हणून बजावलं हुतं. त्यो कबूल हुता. तुझ्या आईलाच कळंना. सकाळी दोन पाटांना रांगोळी काढून बसली. पुसाय लावली एक.”

ओल्या चौकोनाचा अर्थ मला तेव्हा कळला.

“ठरल्यापरमाणं झालं,” आबा म्हणाले. “गाडी झाली. तू आईला भेटलीस. आता निघा. प्रतापरावांचं वाढून हाय.”

“मी भेटले नाही.” मी म्हणाले. “मी आत गेलेच नाही, आबा. मला थोडा वेळ द्या. मी नुसती बसते तिच्याजवळ. जेवत नाही, पाटाकडं बघत नाही. थोडा वेळ.”

“सकाळपासनं हितंच हुतीस की,” ते म्हणाले. “कुणी अडवलं हुतं?”

ते ओरडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी सरळ विचारत होते.

हणमंत मागून आला. चेहरा धुतलेला, केस ओले, बाह्या खाली ओढून बटणं लावलेली. आबांनी शर्ट त्याच्यापुढं धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात आई ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. मागं ताई, दाजी. चांदीच्या ताटात तेहतीस अनारसे रचलेले, मधे तुपाचा दिवा, आणि दिव्याशेजारी गाडीची किल्ली. धोंड्याचं वाण म्हणून ती गाडी दाजींना जायची होती. दान द्यायची वस्तू गळकी नको म्हणून मिस्त्री बोलवला होता.

हणमंतनं किल्ली पाहिली. ते त्याला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा हात आपोआप मनगटावरच्या भाजलेल्या जागी गेला आणि तिथंच राहिला.

आईनं गाडीला हळदकुंकू लावलं. बॉनेटवर स्वस्तिक काढताना ती गाडीकडं बघतच नव्हती. तिच्या आणि माझ्यामध्ये आबा उभे होते. त्यांच्या खांद्यावरून तिनं विचारलं, “जेवलासा का गं दोघं?”

“जेवल्यात ती,” आबा म्हणाले. “केव्हाच.”

आईनं हणमंतकडं पाहिलं. तो म्हणाला, “व्हय आई, झालं जेवण. पुरणपोळी लई मऊ झालीया.”

आई समाधानानं हसली. चार वर्षांत मी पाहिलेलं तिचं तेवढंच हसू. तिच्याच घरात, तिनं न वाढलेल्या जेवणाबद्दल कुणीतरी तिला खोटं सांगत होतं आणि तिनं ते मानून घेतलं. ताईनं वाढलं असेल असं तिला वाटलं असेल. का तिलाही सगळं कळत होतं, हे मला आजतागायत सांगता येणार नाही.

आम्ही निघालो. माझ्या पोटात आग होती. भुकेची कमी, रागाची जास्त. आणि तो राग आबांवर काढता येत नव्हता म्हणून समोरच्या पाठीवर निघायला बघत होता. माझ्या मनात सगळं तयार होतं. मला फसवून का नेलंस. तुला पाठीचा कणा आहे का नाही. आणि ज्याच्यासाठी एवढं केलंस ते झालंच नाही, एवढं सांगितलं असतं की तो गाडी बाजूला घेऊन रस्त्याकडेला बसला असता. मला ते बघायचं होतं. कुणीतरी माझ्याइतकं दुखावलेलं मला हवं होतं.

तासगावच्या पुढं रस्ता मोकळा झाला. त्यानं मान जराशी मागं वळवली. आवाजात दबलेली हौस होती, पोरानं खाऊ लपवून ठेवावा तशी.

“आम्ही मिरजेला गेलो तेव्हा बसलीस ना आईंजवळ? पोटभर बोललीस?”

मी त्याच्या पाठीकडं पाहिलं. पांढऱ्या शर्टवर खांद्यापासून खालपर्यंत तेलाचा ओघळ होता आणि त्यात हळद मिसळून तो लाल झाला होता.

“बोलले,” मी म्हणाले.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, वाळलीस गं.” हे तर खरं होतं. पुढचं सुचायला मला वळणापर्यंत वेळ लागला. “म्हणाली, पुरणात जायफळ घालते आता, आबांना वेलदोडा चालत नाही. कंबर दुखते म्हणाली. तुला विचारत होती.”

“मला? काय?”

“दुपारी वेळेवर जेवतोस का म्हणून.”

तो हसला. विट्याला घर येईपर्यंत मी बोलत राहिले. आई काय म्हणाली, मी काय म्हणाले, मग आई कशी रडली, मग कशी हसली. आबांनी दिलेला जुना शर्ट डबड्यात माझ्या साडीच्या पिशवीखाली होता. घरी आल्यावर मी त्याचे चार तुकडे करून गॅरेजात तेल पुसायला दिले.

आई पुढच्या पावसाळ्यात गेली. आम्हाला कळलं ते बाराव्यानंतर, तेही हळदीच्या एका गाडीवाल्याकडून. आबा अजून आहेत, ठणठणीत. त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं होतं तसं मीही त्यांच्या नावानं घेतलं आहे. फरक एवढाच की मी ते कुणाला जबरदस्तीनं घ्यायला लावलं नाही.

अधिक महिना आला की हणमंत अजून विचारतो. रात्री जेवण झालं की उंबऱ्यात बसून, नखं कोरत. “त्या दिवशी आई आणखी काय म्हणाल्या होत्या गं?” दरवेळी त्याला काहीतरी नवं हवं असतं. आपल्या मनगटावरच्या डागाच्या बदल्यात मला काय मिळालं, ते त्याला पुन्हा ऐकायचं असतं.

आणि मी सांगते.